शुक्रवार रात्रीचं इंजेक्शन

हिपॅटायटिस सीचा रुग्ण औषध सुरू होईपर्यंत बहुतेक वेळा धडधाकट असायचा. विषाणू यकृतात वीस-पंचवीस वर्षं मुक्काम ठोकून बसतो आणि तेवढ्या काळात थोड्या थकव्यापलीकडे काही जाणवू देत नाही. माणूस कामावर जातो, जेवतो-खातो, मुलांची लग्नं करतो. मग कधीतरी रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीचा निरोप येतो, किंवा हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत एक ओळ ठळक छापून येते. डॉक्टर सांगायचे: औषध आहे, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागेल, खर्च लाखांत जाईल आणि गुण येईलच असं नाही. एवढं ऐकूनही तयार झालेला माणूस पहिल्या इंजेक्शनच्या रात्री हुडहुडी भरून अंथरुणात पडला की घरच्यांना प्रश्न पडायचा, हा आजारी नेमका कशाने पडला?

१९९१ ते २०१५ ही साधारण त्या औषधाची, म्हणजे इंटरफेरॉनची, कारकीर्द. विषाणूच्या शोधाचा इतिहास व्यवस्थित लिहिला गेला आहे. हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० साली त्यासाठी नोबेल मिळालं, आणि ते रास्तच होतं. पण त्या पंचवीस वर्षांत कोण बरा झाला आणि कोण नाही, हे बऱ्याचदा ताप, हिमोग्लोबिन, झोप आणि पैसे सांभाळण्यावर ठरलं. ही सांभाळण्याची विद्या डॉक्टर, परिचारिका, रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांनी मिळून उभी केली. औषध गेलं आणि तीही दोन-तीन वर्षांत विस्मरणात गेली. बंगळुरूतून हा काळ पाहायचं कारण असं की दूरदूरचे रुग्ण उपचारांसाठी या शहरात येत, आणि इंटरफेरॉनला निरोप देणाऱ्या गोळ्या बनवणाऱ्यांतल्या दोन कंपन्याही इथल्याच.

इंटरफेरॉन मुळात आपल्या शरीरातलंच द्रव्य. लंडनमध्ये मिल हिलच्या संशोधन संस्थेत ॲलिक आयझॅक्स आणि झाँ लिंडेनमान यांना ते १९५७ साली सापडलं. विषाणूने गाठलेली पेशी हे द्रव्य सोडते आणि शेजारच्या पेशींना सावध करते. फ्लूमध्ये अंग मोडून येतं, थंडी वाजते, तोंडाची चव जाते, त्यात विषाणूइतकाच वाटा शरीराच्या या स्वतःच्या बंदोबस्ताचा असतो. तेच द्रव्य बाहेरून, कितीतरी जास्त मात्रेत टोचलं तर काय होणार? फ्लू न होताच फ्लू. त्यामुळे इंटरफेरॉनचे दुष्परिणाम हा अपघात नव्हता, औषधाचा स्वभावच तसा होता.

अमेरिकेतल्या जे हूफनागल यांनी १९८६ साली दहा रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हा या आजाराला धड नावही नव्हतं. ए नाही आणि बी नाही, असंच त्याला म्हणत. विषाणू ओळखला गेला १९८९मध्ये. १९९१ साली अमेरिकेत इंटरफेरॉनला हिपॅटायटिस सीसाठी मान्यता मिळाली. मात्रा ३० लाख युनिट, आठवड्यातून तीनदा. सहा महिने टोचून घेतल्यावर कायमचे बरे होणारे शंभरात जेमतेम दहा, वर्षभर घेतलं तर पंधरा-वीस. १९९८मध्ये जोडीला रिबाव्हिरिनच्या कॅप्सूल आल्या आणि आकडा चाळिशीला टेकला. २००१-०२मध्ये पेगइंटरफेरॉन आलं, म्हणजे शरीरात जास्त काळ टिकणारं, आठवड्याला एकच इंजेक्शन लागणारं रूप. आता निम्म्याहून जास्त रुग्ण बरे होऊ लागले. भारतात जास्त आढळणाऱ्या जिनोटाइप ३मध्ये, म्हणजे विषाणूच्या तिसऱ्या प्रकारात, तर हे प्रमाण ऐंशीच्या आसपास गेलं, तेही २४ आठवड्यांत. जिनोटाइप १वाल्यांना मात्र ४८ आठवडे काढावे लागत आणि तरी यश निम्म्याहून कमी. दक्षिणेत जिनोटाइप १चे रुग्ण उत्तरेपेक्षा जास्त, म्हणून बंगळुरूच्या ओपीडीत जिनोटाइपच्या रिपोर्टची वाट पाहणं म्हणजे सहा महिन्यांची शिक्षा की वर्षाची, याची वाट पाहणं होतं.

आपल्याकडे हा विषाणू पसरला तो बराचसा दवाखान्यांतूनच. उकळून पुन्हा वापरलेल्या सुया, डायलिसिस आणि रक्त. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालामुळे १ जानेवारी १९९८पासून बंदी आली. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी सक्तीची झाली २००१मध्ये. अमेरिकेत ती १९९०पासून होत होती. मधल्या अकरा वर्षांत बाळंतपणात, अपघातात, थॅलेसेमियात आणि हिमोफिलियात ज्यांना रक्त चढवलं गेलं, त्यांतले कित्येक पुढे इंटरफेरॉनच्या रांगेत दिसले. एकदा उपचाराने जीव वाचला आणि त्याच उपचाराने दुसरा, जास्त कठीण उपचार मागे लावला.

आता ते इंजेक्शन. सुरुवातीच्या काळात छोट्या बाटलीत पांढरी भुकटी यायची आणि वेगळ्या बाटलीत ती विरघळवायचं पाणी. पाणी काचेच्या कडेने हळू सोडायचं, बाटली तळव्यांमध्ये फिरवायची, पण हलवायची नाही. फेस आला तर प्रथिन खराब. साठवण २ ते ८ अंश सेल्सियसला. बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवायचं नाही, कारण गोठलं की ते वाया. औषधांच्या घाऊक दुकानातून थर्मोकोलच्या डब्यात, बर्फाच्या पुड्यांमध्ये गुंडाळून ते घरी यायचं आणि फ्रिजच्या मधल्या फळीवर, दुधाच्या पिशव्यांपासून लांब, त्याची जागा ठरायची. वीज गेली की घरातलं सगळ्यात महाग सामान धोक्यात आलं म्हणून डबा पुन्हा बाहेर निघायचा. ज्यांच्या घरी फ्रिज नव्हता त्यांना शेजारी शोधावा लागे, आणि शेजाऱ्याला काय सांगायचं हा आणखी एक घोर.

टोचायचं पोटावर किंवा मांडीवर, कातडीखाली, दर वेळी जागा बदलून. इन्शुलिन घेणाऱ्याला यात नवीन काही नाही, पण बाकीच्यांना परिचारिकेने एकदा दाखवून दिलेलं घरी स्वतः करणं जड जायचं. बहुतेक घरांत ते काम बायकोकडे किंवा मुलीकडे जायचं. आधी अर्धा-एक तास पॅरासिटामॉल. रात्री झोपताना टोचायचं, कारण थंडी-ताप चार-सहा तासांनी चढतो. तो झोपेत गेला तर बरं. आठवड्याला एकच डोस झाल्यावर वार निवडण्याची सोय आली. शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या नोकरदाराला शुक्रवारची रात्र सोयीची: शनिवार अंथरुणात, रविवारी जरा बरं, सोमवारी कामावर. बंगळुरूच्या आयटी कंपन्यांत पाच दिवसांचा आठवडा होता, तिथल्या माणसाला हे जमून जायचं. सोमवारी बंद असणाऱ्या दुकानदाराचा वार रविवार. रोजंदारीवर जाणाऱ्याला कुठलाच वार सोयीचा नव्हता, आणि त्याच्यासाठी उपाय कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत लिहिलेला नव्हता.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताप कमी होत जायचा. शरीर सरावतं. मग दुसरा अंक सुरू, रिबाव्हिरिनचा. हे औषध तांबड्या पेशींत साठतं आणि त्या फोडतं. पहिल्या महिन्यातच हिमोग्लोबिन दोन-तीन ग्रॅमने खाली येतं. काल-परवापर्यंत धावत बस पकडणारा माणूस एक जिना चढून कठड्याला धरून उभा राहतो. घरातल्या थोरांचं निदान तयार: रक्त कमी झालंय. मग खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे, डाळिंब, वर लोहाच्या गोळ्या. यात चूक कोणाचीच नव्हती, पण रक्त कमी होण्याचं कारण लोहाची टंचाई नव्हतंच. पेशी फुटत होत्या, त्यांतलं लोह शरीरातच राहत होतं, आणि हिपॅटायटिस सी झालेल्या यकृताला जास्तीचं लोह मानवत नाही. डॉक्टरला आजीची समजूत काढावी लागायची की खजूर खा, पण लोहाची गोळी नको. हिमोग्लोबिन १०च्या खाली गेलं की रिबाव्हिरिन कमी करायचं, साडेआठच्या खाली गेलं तर बंद. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांच्यासाठीही अशाच रेषा आखलेल्या, त्या ओलांडल्या की इंटरफेरॉनची मात्रा खाली. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, मग महिन्याला रक्त तपासायचं. थायरॉइड तीन महिन्यांनी, कारण इंटरफेरॉन त्या ग्रंथीलाही छेडतं. काहींची थायरॉइडची गोळी नंतर कायमची मागे लागली.

खाण्याचीही तीच तऱ्हा. रिबाव्हिरिन जेवणासोबतच घ्यायचं आणि नेमकी जेवणावरची वासनाच उडालेली. तोंडात धातूची चव. इथे बंगळुरूचा मोसरन्ना, म्हणजे आपला दहीभात, आणि नाचणीची पातळ गंजी कामाला यायची. थंड, बिनफोडणीचं, वासाने मळमळ न वाढवणारं काहीही. दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी. अंगाला खाज, त्यावर खोबरेल. केस मूठमूठ गळायचे. औषध संपल्यावर परत येतात, हे बायकांना आधी सांगून ठेवणं फार गरजेचं होतं. आणि एक गोष्ट आधी सांगावीच लागे. रिबाव्हिरिनने गर्भात व्यंग येऊ शकतं, म्हणून नवरा घेत असो की बायको, उपचार चालू असताना आणि संपल्यावर आणखी सहा महिने मूल नको. नुकतं लग्न झालेल्या घरात पाळण्याची चौकशी करणाऱ्या नातेवाइकांना दीड वर्ष उत्तरं देत बसायचं.

यकृत म्हटलं की देशातल्या अर्ध्या घरांना लिव्ह ५२ आठवतं. हिमालया कंपनीने ते १९५५ साली आणलं आणि १९७५मध्ये बंगळुरूजवळ माकळीला कारखाना उभारला. म्हणजे ज्या शहरात माणूस इंटरफेरॉन टोचून घेत होता, त्याच शहरातल्या कारखान्याची बाटली त्याच्या उशाशी असण्याची शक्यता बरीच. डॉक्टरांची चिंता वेगळी होती: इंटरफेरॉनबरोबर रुग्ण गुपचूप आणखी काय काय घेतो आहे आणि उद्या एन्झाइम वाढले तर दोष कोणाला द्यायचा. कावीळ उतरवणाऱ्या गावठी औषधाची ओढ आपल्याकडे जुनी आहे. कावीळच नसलेल्या काविळीच्या विषाणूलाही ते औषध दिलं जायचं.

हे सगळं सोसायचं कशासाठी, याचं आकड्यातलं उत्तर २००२ साली मिळालं. जॉन मॅक्हचिसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोन्ही औषधांची किमान ८० टक्के मात्रा, किमान ८० टक्के मुदत घेणाऱ्यांत बरं होण्याचं प्रमाण ठळकपणे जास्त असतं. हा ऐंशीचा नियम जगभर ओपीडीत तोंडपाठ झाला. माझ्या मते या काळातला खरा वळणाचा टप्पा हाच, जरी त्यात कुठलाही नवा रेणू नव्हता. तोवर दुष्परिणाम म्हणजे रुग्णाचं गाऱ्हाणं होतं. आता ते सांभाळणं हाच उपचार झाला. हिमोग्लोबिन घसरलं म्हणून रिबाव्हिरिन कापण्याऐवजी एरिथ्रोपोएटिन टोचून ते टिकवता येईल का, पांढऱ्या पेशींसाठी दुसरं इंजेक्शन देता येईल का, असा विचार सुरू झाला. एका इंजेक्शनचा त्रास झाकायला आणखी दोन इंजेक्शनं, आणि प्रत्येकाचं बिल वेगळं. परदेशात विमा होता. इथे मुदत ठेव मोडायची.

बाराव्या आठवड्याची तपासणी तर परीक्षेसारखीच. तोवर रक्तातला विषाणू निदान शंभरपट घटला नसेल तर पुढे चालू ठेवण्यात अर्थ नाही, औषध बंद. तीन महिने ताप, उलट्या, गळणारे केस आणि दोन-एक लाख रुपये, आणि प्रयोगशाळेचा एक कागद सांगतो की थांबा. काही रुग्णांना तो कागद सुटकेसारखा वाटला असणार.

सगळ्यात अवघड दुष्परिणाम रक्ताच्या रिपोर्टवर दिसायचाच नाही. पेगइंटरफेरॉनच्या २००२च्या मोठ्या चाचणीत पाचातल्या एकाहून जास्त रुग्णांत नैराश्याची नोंद आहे. जुन्या इंटरफेरॉनच्या गटात ते आणखी जास्त. माणूस चिडचिडा होतो, भांडी आपटतो, मग रडतो. झोप उडते. क्वचित जिवाचं बरंवाईट करण्यापर्यंत मजल जाते. हे मनाचं दुबळेपण नव्हतं. इंटरफेरॉन मेंदूत सेरोटोनिन बनायला लागणारा कच्चा माल, ट्रिप्टोफॅन, दुसऱ्याच वाटेला वळवतं, हे पुढे कळत गेलं. शरीरातल्या दाहाचा आणि नैराश्याचा संबंध असतो, या आजच्या विचाराला बळ देणाऱ्या पुराव्यांत इंटरफेरॉन घेणाऱ्या या रुग्णांचा मोठा वाटा आहे. अमेरिकेत २००१ साली कर्करोगासाठी इंटरफेरॉन घेणाऱ्यांना आधीपासूनच नैराश्यावरची गोळी देऊन पाहिली, आणि नैराश्य कमी झालं. तेव्हापासून उपचाराआधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवून घेण्याचा आग्रह वाढला.

बंगळुरूत हा सल्ला देणं सोपं आणि पचवणं कठीण. मनाच्या आणि मेंदूच्या आजारांसाठी देशातली सर्वात नावाजलेली संस्था, निम्हान्स, १९७४पासून होसूर रोडवर उभी आहे. पण आपल्याकडे ठाणे आणि येरवडा या नावांचं जे झालं, तेच तिकडे निम्हान्सचं. थट्टेत माणसाला तिथे पाठवायची भाषा केली जाते. यकृताच्या इंजेक्शनसाठी आलेल्या माणसाला मानसोपचाराची चिठ्ठी दिली की घरच्यांचा पहिला प्रश्न: डॉक्टर, यांना वेड लागलंय का? बरेच जण ती चिठ्ठी खिशात घालून घरी जात. सुज्ञ परिचारिका मग बायकोला बाजूला घेऊन विचारायच्या: घरात बोलतात का, रात्री जागे असतात का, देवघरात बसतात ते बंद झालंय का.

किडनीच्या रुग्णांचा पेच आणखी गुंतागुंतीचा. डायलिसिसवर असताना विषाणू लागलेला आणि प्रत्यारोपणाची वाट पाहणारा माणूस. नवी किडनी बसवल्यावर इंटरफेरॉन देणं धोक्याचं, कारण शरीर ती किडनी नाकारू शकतं. म्हणून उपचार आधीच उरकायचा. पण डायलिसिसवर रिबाव्हिरिन शरीराबाहेर नीट पडत नाही, हिमोग्लोबिन कोसळतं, म्हणून बहुधा नुसतं इंटरफेरॉन. आठवड्याला दोन-तीन डायलिसिस, वर त्याच आठवड्यात ताप आणणारी इंजेक्शनं.

पैशाचा दुष्परिणाम यादीत छापलेला नसायचा, पण भारतात अर्धवट सुटलेल्या उपचारांचं ते मोठं कारण. पेगासिस या पेगइंटरफेरॉनच्या सहा महिन्यांच्या इंजेक्शनांना चार लाखांच्या पुढे खर्च येई, रिबाव्हिरिन आणि तपासण्या वेगळ्या. साधं इंटरफेरॉन हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने २००२मध्ये देशात बनवून स्वस्त केलं, पण पेगचं पेटंट होतं. २००५च्या नव्या कायद्यानंतर औषधाच्या उत्पादनावर भारतात दिलेल्या पहिल्या पेटंटांत ते मोडतं. रोश कंपनीला ते २००६ साली मिळालं.

त्याला आव्हान दिलं मुंबईच्या संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टने. एल्ड्रेड टेलिस यांची ही संस्था सुईने नशा करणाऱ्यांसाठी रस्त्यावर काम करणारी. त्यांच्याकडे येणाऱ्यांत एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्ही असलेले अनेक. एकीकडे पुस्तकं सांगत होती की नशा करणाऱ्याला, नैराश्य असलेल्याला इंटरफेरॉन जपून द्या, आणि दुसरीकडे किंमतच अशी की देण्याचा प्रश्नच येऊ नये. लॉयर्स कलेक्टिव्हने बाजू मांडली. २००९मध्ये पेटंट कार्यालयाने हरकत फेटाळली. संकल्प अपिलात गेली. २ नोव्हेंबर २०१२ रोजी न्या. प्रभा श्रीदेवन यांच्या अध्यक्षतेखालच्या बौद्धिक संपदा अपील मंडळाने पेटंट रद्द केलं. रुग्णांसाठी काम करणाऱ्या संस्थेला अशा खटल्यात उभं राहण्याचा हक्क आहे, हेही त्या निकालात मान्य झालं. औषधांच्या पेटंटांवर लिहिणाऱ्यांना या खटल्याचं महत्त्व ठाऊक आहे. मराठीत त्याची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही.

विजय मोठा, पण वेळ विचित्र. निकालानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी २०१३मध्ये, न्यूझीलंडच्या एडवर्ड गेन यांचा निबंध आला. त्यात सोफोस्बुव्हिरची गोळी आणि रिबाव्हिरिन, इंटरफेरॉनचा थेंबही न देता, जिनोटाइप २ आणि ३च्या दहा रुग्णांना बारा आठवडे दिली होती. दहाच्या दहा बरे. डिसेंबर २०१३मध्ये अमेरिकेत गोळीला मान्यता मिळाली आणि किंमत ठरली एका गोळीला हजार डॉलर.

सोफोस्बुव्हिरची मालक कंपनी गिलियड हिने सप्टेंबर २०१४मध्ये सात भारतीय कंपन्यांना ती गोळी बनवण्याचा परवाना दिला. त्यांतली एक स्ट्राइड्स आर्कोलॅब. नोंदणी वाशीची, कारभार बंगळुरूचा. २०१५मध्ये किरण मजुमदार-शॉ यांची बायोकॉन त्यात आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिने लेडिपास्विर-सोफोस्बुव्हिरची एकत्र गोळी बाजारात आणली. त्याआधी, मार्च २०१५मध्ये, हैदराबादच्या नॅटकोची बाटली दुकानात आली होती: २८ गोळ्या, १९,९०० रुपये. तीन बाटल्यांत बारा आठवडे. पेगच्या सहा महिन्यांच्या खर्चापुढे हे काहीच नव्हतं, आणि फ्रिज लागत नव्हता.

तरी इंटरफेरॉन एका दिवसात गेलं नाही. जिनोटाइप ३ला नुसतं सोफोस्बुव्हिर पुरेना, आणि त्याच्या जोडीला द्यायची डॅक्लाटास्विरची गोळी भारतात यायला २०१५ संपावं लागलं. मधल्या महिन्यांत डॉक्टर रुग्णापुढे दोन वाटा ठेवत: नवी गोळी रिबाव्हिरिनबरोबर सहा महिने, किंवा नवी गोळी, रिबाव्हिरिन आणि पेगचं इंजेक्शन फक्त तीन महिने. दुसरी वाट निम्म्या वेळात संपे. म्हणून हातात आधुनिक गोळी असतानाही काही जणांनी आणखी बारा शुक्रवार रात्री काढल्या. २८ जुलै २०१८ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि सरकारी रुग्णालयांत सोफोस्बुव्हिर-डॅक्लाटास्विर फुकट मिळू लागलं.

नव्या गोळ्यांच्या पहिल्या लाटेत आलेल्यांत इंटरफेरॉन अर्ध्यात सोडलेले, पूर्ण करूनही अपयश आलेले आणि भीतीने कधी सुरूच न केलेले असे तिन्ही प्रकारचे रुग्ण होते. केस पेपरवर पहिल्या दोघांसाठी एक रकाना होता: पूर्वी उपचार घेतला आहे का, कोणता, किती आठवडे, का थांबवला. गोळ्या किती काळ द्यायच्या आणि सोबत रिबाव्हिरिन लागेल का, हे त्या उत्तरावर ठरायचं. म्हणून मग जुनी फाइल शोधून आणायला माणसाला परत घरी पाठवलं जायचं, आणि फाइलमध्ये दर पंधरवड्याचं हिमोग्लोबिन ओळीने लिहिलेलं असायचं.